तिसरीतल्या मुलाला स्वतःचा मोबाइल द्यावा का?

प्रश्न : माझा आठ वर्षांचा मुलगा राजारामपुरीत शिकवणीला जातो. संपर्कासाठी त्याला मोबाइल घेऊन द्यावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, मात्र त्यासाठी इंटरनेट नसलेला साधा फोन पुरेसा असून, तोही घरी परतल्यावर आपल्याकडेच ठेवावा, असे मला मनापासून वाटते. स्मार्टफोन मुलाच्या मालकीचा झाला, की अंथरुणात तो काय पाहतो आणि किती वेळ जागा राहतो, हे आपल्या नजरेआड जाते व त्याची झोप मोडते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट आहे. ती जबाबदारी आठ वर्षांच्या मुलावर सोपवता येत नाही. संध्याकाळी त्याला रंकाळ्यावर नेताना आपलाही फोन घरीच ठेवून पाहावा.