पायाच्या अंगठ्याजवळचे हाड वाढले आहे. रात्री पट्टा बांधल्याने ते बसते का?

आपल्या आईच्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली असून चालताना ती दुखते, आणि ऑनलाइन मिळणारा रात्री बांधायचा पट्टा घ्यावा की थेट ऑपरेशन करावे, असे आपण विचारले आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ही तक्रार नेहमी पाहते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हाड वाढले आहे असे वाटते, पण बहुतेक वेळा ते जागेवरून सरकलेले असते. अंगठ्यामागचे लांब हाड हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने कलते, अंगठा मात्र उलट शेजारच्या बोटाकडे झुकतो, आणि या दोहोंमधला सांधा दुमडलेल्या कोपरासारखा बाहेर येतो. मग चपलेला घासून त्यावरची त्वचा जाड होते, लाल होते आणि दुखू लागते. डॉक्टर याला बनियन किंवा हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. अंगठा आणि हे हाड यांमधला कोन साधारण 15 अंशांपर्यंत असेल तर तो सामान्य धरतात आणि 40 च्या पुढे गेला तर विकृती तीव्र मानतात. एक्स-रे मात्र उभे राहूनच काढावा, कारण पायावर भार नसताना खरा कोन दिसत नाही.

पट्ट्याने काहींना रात्री बरे वाटते, परंतु तो सोडला की अंगठा पुन्हा पूर्वीसारखाच झुकतो. मोठ्या माणसाच्या पायाचा आकार त्याने कायमचा सुधारत नाही, तेव्हा त्या आशेने पैसे घालवू नयेत. आईंना मधुमेह असेल आणि पायाची संवेदना कमी झाली असेल, तर घट्ट पट्टा मुळीच बांधू नये.

माझा भर चप्पल-बुटांवर असतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, आईंना कागदावर उभे करून पेन्सिलीने पावलाची कड काढा आणि नेहमीची चप्पल त्यावर ठेवून पाहा. पाऊल चपलेबाहेर दिसले, तर दुखण्याचे मोठे कारण तिथेच सापडेल. पुढे रुंद, वरून मऊ आणि टाच कमी असलेले बूट घ्यावेत. अंगठा अडकवायच्या चपलेचा पट्टा नेमका गाठीवर घासत असेल, तर ती चप्पल काही महिने बाजूला ठेवावी. दुसरे बोट अंगठ्यामुळे वर उचलले जात असेल तर जोडवी रुततात. ती उतरवण्याचा बायकांना संकोच वाटतो हे मी जाणते, तरी बोट सुजण्याआधीच ती काढलेली बरी.

एवढे करूनही रोजचे चालणे दुखत असेल, तरच ऑपरेशनचा विचार करावा. केवळ पाय चांगला दिसावा म्हणून नव्हे. त्यात हाड कापून, सरळ करून, बहुधा स्क्रूने बसवतात. हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, सूज कित्येक महिने राहू शकते, आणि काही जणांत वाकडेपणा पुन्हा येतो. नुसती गाठ तासून घेतली तर कल तसाच राहतो, म्हणून कोणते ऑपरेशन सुचवले आहे हे अस्थिरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे.

हाच सांधा एखाद्या रात्री अचानक लाल, गरम आणि स्पर्शही सहन न होण्याइतका दुखू लागला, तर तो गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा दाह, असू शकतो. त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत, तेव्हा लगेच डॉक्टरांना दाखवावे.