लॅक्स्टन : बांधावर पंच उभे राहतात ते गाव

प्रश्न : इंग्लंडमधील खेड्यांत पूर्वी कुंपण नसलेल्या मोठ्या शेतांमध्ये पट्टे पाडून सारे गाव एकत्र शेती करीत असे, असे वाचनात आले. ही पद्धत आज कोठे टिकून आहे का?

उत्तर : होय, नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या लहानशा गावी ती आजही चालू आहे. १७५० ते १८५० या काळात संसदेच्या कायद्यांनी देशभरातील बहुतेक खुली शेते कुंपणे घालून वाटली गेली. लॅक्स्टनचीही काही जमीन अशी वेगळी झाली, तरी वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही तीन मोठी शेते उरली. पहिल्या वर्षी हिवाळी गहू, दुसऱ्या वर्षी वसंतातील पीक आणि तिसऱ्या वर्षी पडीक किंवा चाऱ्याचे रान, असा फेरा त्यांत पाळीपाळीने फिरत आला आहे. मार्क पिअर्स याने १६३५ साली काढलेल्या गावाच्या नकाशात प्रत्येक पट्टा दाखवलेला आहे, इतकेच नव्हे तर रानात काम करणारी माणसे आणि जनावरेही रेखाटली आहेत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टे एकत्र करून त्यांची संख्या कमी करण्यात आली.

माझ्या मते गावाचा खरा स्वभाव त्याच्या कोर्ट लीट या जुन्या न्यायसभेत दिसतो. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातील शेतकऱ्यांमधूनच नेमलेले पंच गहू पेरलेल्या शेतात जातात, कोणाचा नांगर सामाईक वाटेत किंवा गवताच्या पट्ट्यात शिरला आहे का ते पाहतात आणि हद्दीवर लाकडी खुंट ठोकतात. पुढच्या आठवड्यात डव्हकोट इन या गावातल्या खानावळीत सभा भरते, अतिक्रमण करणाऱ्याला दंड होतो आणि नवे पंच शपथ घेतात. १९७७ च्या कायद्याने इंग्लंडमधील अशा न्यायसभांचे न्यायदानाचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्स्टनची सभा त्यातून मुद्दाम वगळली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

लाल विटांची, कौलारू शेतघरे रानात विखुरलेली नसून गावच्या रस्त्यालगतच उभी आहेत, कारण प्रत्येकाचे पट्टे तिन्ही शेतांत विभागलेले असत. ही पद्धत जपली जावी म्हणून गावचे जमीनमालक अर्ल मॅनव्हर्स यांनी १९५२ मध्ये गावची जमीन शेती मंत्रालयाला विकली. १९८१ मध्ये ती राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेट या संस्थेकडे आणि २०२० मध्ये मॅनव्हर्स घराण्याशी जोडलेल्या थोर्सबी इस्टेट या खासगी जमीनदारीकडे गेली.