वाचकांचे प्रश्न : ‘ओरडू शकला नाही’ की ‘ओरडवेना’?

प्रश्न : माझ्या कथेतला दत्ता लहानपणी किल्लारीच्या भूकंपात माळवदाखाली गाडला गेला होता. आता चाळिशीतही त्याला तेच स्वप्न पडतं. मी लिहिलंय : ‘त्याला भयानक स्वप्न पडले. जणू काळ त्याला गिळत होता. तो ओरडू शकत नव्हता. किंचाळून तो जागा झाला.’ वाचणारे म्हणतात, भीती वाटत नाही. काय चुकलं? — एक वाचक, औसा

उत्तर : ‘भयानक’ आणि ‘जणू’ आधी खोडा. उपमा सुचायला माणूस जागा असावा लागतो.

खरी गोम क्रियापदात आहे. ‘तो ओरडू शकत नव्हता’ यात दत्ता अजून वाक्याचा धनी आहे. ‘त्याला ओरडवेना’ म्हटलं की त्याला ‘ला’ चिकटतो आणि धनीपण जातं. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. दुःस्वप्नासाठी याहून नेमकं हत्यार मराठीत क्वचितच असेल. तसंच ‘माती थांबली नाही’ ही नुसती नोंद. ‘थांबेना’ म्हटलं की कुणीतरी ती थांबायची वाट बघतंय. मात्र एका परिच्छेदात असे ‘ना’ दोन-तीनच ठेवा. पुढे यमक जुळतं आणि बडबडगीत होतं.

आता काळाऐवजी माळवद आणा. दगड-मातीच्या भिंती, वर लाकडावर रचलेला मातीचा जड थर. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास माणसं त्याखालीच दबली. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं. तारीख-वेळ स्वप्नात घालू नका. ढोल मात्र घ्या :

‘लांब ढोल वाजत होते. ओठांवर चिमूटभर माती पडली. त्यानं थुंकली. पुन्हा पडली. पडायची थांबेना. हाक मारायची तर तोंड उघडायला हवं. उघडवेना. आई शेजारीच होती. “काय करायलास?” ती म्हणाली. “झोप की.”’

बोली फक्त आईच्या तोंडी आहे, तीही रोजच्या सुरात. आईला किंचाळायला लावलंत तर सगळं ओसरेल. अशी दहाएक छोटी वाक्यं पुरेत. टिंबांच्या रांगा तर नकोतच.

जाग आणताना किंकाळी आणि घाम दोन्ही वगळा. दत्ता आता पत्र्याखाली झोपतो ना? मग तो उठून बसतो, वर पत्र्याकडे बघतो आणि मनगटानं ओठ पुसतो, एवढंच लिहा.