जुनी आळी सुधारायची आहे, पण वयस्कर भाडेकरूंना उठवायचं नाही. रत्नागिरीत हे जमेल का?

जमेल, पण सुरुवात बिल्डरपासून नको, छपरापासून करा. आपल्याकडची जुनी घरं बहुतेक वेळा छपरावाटेच खचतात. दोन-चार कौलं फुटतात, पावसाचं पाणी वाशात मुरतं, वासा कुजतो, मग भिंतीला ओल धरते. जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको, ओल आत कोंडते. चुन्याचाच करा. पावसाआधी सगळ्या आळीने एकदमच घरं शाकारायला घेतली, तर सुतार मिळणंही सोपं जातं.

आता भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या भाड्यात एवढ्याने काय होणार? म्हणून मालकाशी बोलून दुरुस्तीपुरती थोडी भाडेवाढ लेखी ठरवा.

आणि काम खोलीखोलीने करा. पडवीत बसणाऱ्या आजीला 'दोन महिन्यांसाठी' म्हणून लेकीकडे पाठवू नका. घर रिकामं करावंच लागलं, तर परत राहायला येण्याचा हक्क आधी कागदावर घ्या, मगच तिची ट्रंक हलवा.