वरण रोज आहे, डाळ किती आहे?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): घर शाकाहारी. रोज वरण-भात, पोळी-भाजी. उसळ आठवड्यातून एकदा. वय 42, वजन 55 किलो. प्रथिनं कमी पडतात असं डॉक्टर म्हणाले. रोज वरण खाऊनही असं कसं?

उत्तर: वरण रोज होतं, पण त्यात डाळ थोडी असते. चार माणसांसाठी कुकरला अर्धी वाटी, म्हणजे साधारण 80 ग्रॅम तूरडाळ लावली, तर तुमच्या वाट्याला कच्ची 20 ग्रॅम आली. तिच्यातली प्रथिनं जेमतेम साडेचार ग्रॅम. वाटीत बाकी बहुतेक पाणीच. म्हणून शिजलेल्या वाट्या मोजू नका, कच्चं वजन धरा.

प्रौढ माणसाची गरज किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे तुम्हाला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम. चार पोळ्यांची 120 ग्रॅम कणीक 13 ग्रॅम देते, 50 ग्रॅम तांदूळ 4, चहातलं 100 मिली दूध 3, भाज्या 2. झाले 22. वरणाचे साडेचार धरूनही साडेसव्वीसवरच अडकलात. आता डाळ आणि कडधान्य मिळून दिवसाला कच्चं 60 ग्रॅम करा: दुपारी घट्ट वरण, रात्री उसळ किंवा मुगाचं धिरडं. त्यातून 13 मिळतील. वाटीभर दह्याचे 5, मूठभर (25 ग्रॅम) शेंगदाण्यांचे 6. बेरीज 46. डब्यातली महागडी पावडर लागतच नाही.

प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यातलं लायसिन गहू-तांदळात कमी, ते डाळीत भरपूर. मेथिओनिन डाळीत कमी, ते धान्यात असतं. वरण-भाताची जोडी म्हणूनच उत्तम, फक्त डाळीचा वाटा वाढायला हवा.

मोडांबद्दल एक सांगायलाच हवं. मोड आल्यावर मटकीचं वजन दुपटीहून वाढतं ते पाण्याने, प्रथिनं वाढत नाहीत. फायदा असा की लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि ते जास्त शोषलं जातं. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत फडक्यात घट्ट बांधलेली मटकी बुळबुळीत होते. आठ तास भिजवा, पाणी फेका, चाळणीत पसरून ओलं फडकं घाला, दिवसातून दोनदा धुवा आणि बारीक मोड दिसताच फ्रीजमध्ये ठेवा. आंबूस वास आला तर टाकून द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा सगळा हिशेब डॉक्टरांना विचारूनच लावा.

प्रश्न (कळवा): हिमोग्लोबिन 10.2. तीन महिने बीट, खजूर, गूळ खाते आहे. वाढत का नाही?

उत्तर: बिटाचा लाल रंग लोहाचा नाही, बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा आहे. 100 ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं आणि बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅम धरतात. गूळ-खजूर आपण खातो तेवढ्यात फार भर पडत नाही. साखर मात्र पोटात जाते.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं. 10.2 ला नुसत्या आहाराची वाट पाहत बसू नका, डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या घ्या. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, बी12 कमी आहे का, जंत आहेत का, हेही तपासून घ्या. गळती चालू असेल तर कितीही खाल्लं तरी भरून निघणार नाही. गोळीने शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. आकडा वर आल्यावर लगेच थांबू नका. शरीरातला साठा भरायला आणखी साधारण तीन महिने लागतात. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या.

जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको, त्यातलं टॅनिन लोह अडवतं. पालेभाजी आणि उसळीवर लिंबू पिळा, नाहीतर जेवणाबरोबर पेरू खा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात पावसाळ्यात टाकळा, कुर्डू या रानभाज्या दिसल्या तर जरूर घ्या.

प्रश्न (ऐरोली): रात्रपाळी 9 ते 6. वजन वाढतंय. कधी काय खाऊ?

उत्तर: मुख्य जेवण निघण्याआधी, आठच्या सुमारास: भाकरी, उसळ, भाजी, दही. रात्री इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, त्यामुळे तोच वडापाव मध्यरात्री साखर जास्त वर नेतो. एकच्या सुमारास दोन उकडलेली अंडी किंवा फुटाणे आणि एक फळ पुरे. सकाळी नऊला झोपायचं असेल तर पहाटे तीननंतर चहा-कॉफी बंद. सकाळी उपाशी झोपू नका, भुकेने झोप मोडते. एखादी भाकरी आणि दूध चालेल.

प्रश्न (दिवाळे, बेलापूर): जून-जुलैत ताजी मासळी नसते. सुक्या मासळीवर भागतं का? सासऱ्यांना बीपी आहे.

उत्तर: भागतं. वाळल्यावर पाणी जातं आणि प्रथिनं दाट होतात. जवळा तर कवचासकट खातो, म्हणून कॅल्शियमही मिळतं. अडचण मिठाची. सुके बोंबील आणि जवळा बहुतेक नुसते उन्हात वाळवलेले असतात, खारा बांगडा मिठात मुरवलेला असतो. सासऱ्यांना खारं देऊ नका. दिवसाचं सगळं मीठ मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा. बोंबील कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून ते पाणी टाका, कालवणात मीठ चाखूनच घाला. मासेमारी बंदीच्या दिवसांत अंडी आणि कडधान्यंही वाढवा.

प्रश्न (नेरूळ): कोणतं तेल चांगलं?

उत्तर: आधी किती ते बघा. माणशी दिवसाला 20 ते 25 ग्रॅम, तूप-लोणी धरून. चौघांना महिन्याला अडीच ते तीन लिटर. शेंगदाणा, मोहरी, करडई आलटून-पालटून वापरा. तळून उरलेलं तेल पुन्हा तळायला नको. गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा.