उत्तर: 2016 चा लॅपटॉप, बीसीएची बहीण आणि पुण्याच्या दादाचा सल्ला

प्रश्न सविस्तर लिहिलास ते बरं केलंस, नाहीतर लोक नुसतं 'चांगला लॅपटॉप सुचवा' म्हणून मोकळे होतात. मला समजलं ते असं: घरी 2016 साली घेतलेला लॅपटॉप आहे, इंटेलचा आय थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. चालू व्हायला इतका वेळ लागतो की कोणी हातच लावत नाही. विंडोज 10 चे अपडेट बंद झाल्याची सूचना येते. धाकटी बहीण खानापूरहून रोज बेळगावला बीसीएला जाणार. बाबांना जमिनीचे उतारे बघायचे असतात. तुझ्याकडे गणपती मंडळाचं काम, म्हणजे नोटिसा मराठीत आणि पंचायतीला अर्ज कन्नडात. लाईट गेली की वायफाय पण जातं. आणि पुण्याचा चुलत भाऊ म्हणतो, जुना भंगारात घाल, सत्तर हजारांचा गेमिंग लॅपटॉप घे, एकात सगळ्यांचं भागेल. तू माझ्यापेक्षा बराच लहान दिसतोस म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नको.

एकात सगळ्यांचं भागत नाही. बहीण सकाळच्या बसनं मशीन घेऊन गेली की संध्याकाळपर्यंत तुम्ही हात चोळत बसणार, आणि संध्याकाळी ती अभ्यासाला बसली की बाबांना उतारा आठवणार. जुना दुरुस्त करून घरी ठेव, तिला साधा नवा घे. दोन्ही मिळून सत्तरच्या आसपास बसवता येतं का ते बघू.

आधी जुन्याचं बघू, कारण तो मेलेला नाही. त्याला अडवतेय ती हार्ड डिस्क. त्या काळच्या लॅपटॉपात बहुतेक करून मिनिटाला 5400 फेरे घेणारी तबकडी असायची. विंडोज चालू होताना हजारो बारक्या फायली वेगवेगळ्या ठिकाणहून उचलतं, आणि प्रत्येकीसाठी आतल्या त्या काट्याला जागा बदलावी लागते. सेकंदाला शंभराच्या आसपास उचली, त्यापुढे तिची ताकदच नाही. एसएसडीत (म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये) फिरणारं काहीच नाही, ती तेवढ्या वेळात हजारोंनी उचलते. म्हणून प्रोसेसर तोच ठेवून नुसती एसएसडी घातली तरी माणसाला वाटतं मशीन बदललं. अडीच इंची साटा एसएसडी माग, 240 किंवा 256 जीबीची पुरे. तुझ्या मशीनला एनव्हीएमई (नव्या मशीनमधली पट्टीसारखी एसएसडी) बहुधा बसायची नाही, दुकानदार 'लेटेस्ट आहे' म्हणाला तरी घेऊ नको.

रॅम 8 जीबी कर. आय थ्री पाचव्या पिढीचा असेल तर रॅम डीडीआर थ्री एल लागेल, सहाव्या पिढीचा असेल तर बहुधा डीडीआर फोर. डीडीआर थ्री एल आता नवी घेऊच नको. गल्लीतल्या कुठल्याही जुन्या दुरुस्तीवाल्याकडे स्क्रीन फुटलेल्या लॅपटॉपमधून काढलेली 4 जीबीची कांडी डब्यात पडलेली असते, ती चालते. रॅम शक्यतो बिघडत नाही. नव्या रॅमचे भाव 2025 च्या शेवटापासून चढलेत, एआयच्या डेटा सेंटरांनी सगळा माल ओढलाय, त्यामुळे यूट्यूबवरचे त्याआधीचे भाव धरून दुकानात भांडू नको.

दुरुस्तीला देताना मागची पाठ समोर उघडून घे. डीव्हीडीच्या खाचेजवळचे दोन-तीन स्क्रू आखूड असतात आणि रबराच्या बुटांखाली एखादा लपलेला असतो. घाईत लांब स्क्रू आखूड जागी गेला की वरच्या कीबोर्डला टेंगूळ येतं. पंखा काढला की तांब्याच्या पट्ट्यांच्या तोंडाशी धुळीचा पापुद्रा दिसेल. चिमट्यानं धरला तर गोधडीतल्या कापसासारखा अख्खा निघतो. नुसतं बाहेरून ब्लोअर मारणारे तो आत ढकलतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या आसपासचं मशीन असेल तर हा पापुद्रा काळा आणि चिकट, निपाणीकडचं असेल तर उघडल्या उघडल्या तंबाखूचा वास. तुमच्या खानापूर भागात पावसाळ्याचा ओलावा, त्यामुळे रॅमच्या सोनेरी दातांवर मळकट थर येतो. साध्या खोडरबरानं पुसला की निम्मी मशीनं तिथंच चालू होतात. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली असेल, ती नवी लावायला सांग. बॅटरी जरा जरी फुगलेली दिसली (ओळख म्हणजे टचपॅड वर उचललेला) तर ती काढून टाक आणि थेट चार्जरवर चालव. फुगलेल्या बॅटरीवर मशीन चालवणं म्हणजे जिवाशी खेळ, तिथं काटकसर नको.

आता ती सूचना. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची सोय) लागतं, तुझा प्रोसेसर त्याआधीचा आहे. 'आम्ही बायपास करून घालून देतो' म्हणणारे प्रत्येक गल्लीत आहेत. चालतं, पण पुढचं मोठं अपडेट बसेल की नाही याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि बाबांची बँक त्यावर उघडणार असेल तर मी तरी घालणार नाही. घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून घेता येतात. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचा दुवा येतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. मात्र विंडोज 22 एच 2 आवृत्तीचं पाहिजे. तोवर निभाव, पुढं लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली) घाल. ब्राउझर, हिशेबाचा तक्ता, पीडीएफ, प्रिंट एवढंच काम असलेल्या घराला मिंट आरामात पुरतं. टॅली (हिशेबाचं) किंवा नुडी (कन्नड टायपिंगचं) वापरत असाल तर आधी सांग, ती मिंटवर सरळ चालत नाहीत.

दोन भाषांच्या टायपिंगचं तू शेवटी ओझरतं लिहिलंयस, पण आपल्या भागात मला तोच खरा प्रश्न वाटतो. मोबाइलवर बोलून किंवा रोमन अक्षरांतून लिहिणं ठीक आहे, अर्जाला ते कामाचं नाही. जोडाक्षरं तपासण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन अर्ज होतात. इनस्क्रिप्ट शिक. सरकारनं भारतीय लिपींसाठी ठरवलेला हा कीबोर्ड आहे आणि विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जोडल्या की आपोआप येतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. के च्या कळीवर मराठीत क, कन्नडातही क, शिफ्ट धरली की दोन्हीकडे ख. ळ साठी शिफ्ट आणि एन, कन्नडाचा ळ पण तिथंच. म्हणजे बोटं एकदाच शिकतात आणि दोन लिपी हाताला येतात. विंडोजची कळ आणि स्पेस दाबला की भाषा बदलली. कन्नडातल्या ऱ्हस्व ए आणि ओ ला तेवढ्या वेगळ्या कळा आहेत, त्या दोन दिवस चुकतील. पुण्या-मुंबईच्या माणसाला याचं महत्त्व कळत नाही, त्याला एकच लिपी लागते. आपल्याकडं पत्रिकेची मराठी बाजू आणि परवानगीचा कन्नड अर्ज एकाच बैठकीत करायचा असतो.

बहिणीला पुढं कर्नाटकातल्या नोकरीसाठी कन्नड टायपिंग लागणार असेल तर मात्र तिला नुडीचा कीबोर्ड शिकू दे. तो के. पी. राव यांनी आखलेला, उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळांवर बसवलेला आहे आणि इथल्या सरकारी कामात तोच मुरलाय. दोन्ही एकदम शिकायला लावू नको, बोटांचा गोंधळ उडतो. आणि मंडळाच्या जुन्या फायली श्रीलिपीसारख्या फॉन्टमधल्या असतील तर त्या नव्या मशीनवर उघडल्या की सगळं अगम्य दिसेल. फायली खराब झालेल्या नसतात, फक्त युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्याव्या लागतात. ते काम जुना विंडोज जिवंत आहे तोवर उरकून घे.

बाबांच्या उताऱ्याबद्दल. कर्नाटकाच्या जमीन नोंदींच्या 'भूमी' संकेतस्थळावर तो कन्नडातच येणार. फोनमधल्या गूगल लेन्सनं कॅमेरा धरला तर मराठी करून दाखवतो, सर्व्हे नंबर आणि क्षेत्र एवढं कळायला पुरे. नावांची मात्र तो वाट लावतो. आडनाव हे गावाचं किंवा वस्तूचं नाव असलं की त्याचंही भाषांतर करून ठेवतो. बोजा, वारसा, खरेदी असलं काही असेल तर कन्नड वाचणाऱ्या माणसाला दाखव, फोनला नको.

नव्या लॅपटॉपकडं येतो. दादा म्हणतो तो गेमिंग लॅपटॉप वाईट नसतो, पण तो घेऊन रोज बस धरायची आहे. मशीन सव्वादोन-अडीच किलो, वर विटेएवढा चार्जर, आणि बॅटरी दुपारपर्यंत जेमतेम. कर्नाटक सरकारची शक्ती योजना आल्यापासून मुलींना सरकारी बसचे पैसे पडत नाहीत हे चांगलंच झालं, पण सकाळच्या गाडीत उभं राहून यावं लागतं, ते ओझं तिच्या खांद्याला पडणार. बीसीएला सी, जावा, पायथन, डेटाबेस, थोडं वेबचं काम. याला वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही. दीड किलोच्या आसपासचा, आय फाइव्ह किंवा रायझन फाइव्ह, 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी. रॅमचा आग्रह धर, कारण मोबाइलचे अ‍ॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ 8 जीबीत रडत रडत चालतं, आणि हलक्या लॅपटॉपात रॅम बोर्डावरच डकवलेली असते, मागून वाढवता येत नाही. 'अपग्रेड होतं' असं तोंडी सांगितलं तर मोकळी खाच कुठं आहे ते मॉडेलच्या माहितीत दाखवायला सांग. स्क्रीन फुल एचडी आयपीएस (बाजूनं बघितलं तरी नीट दिसणारी) घे. आणि टाइप सी वरून चार्ज होणारा बघ. चार्जर गावात विसरला तर कॉलेजात कोणाचा तरी मिळतो.

पैसे कमी पडत असतील तर कंपन्यांतून निवृत्त झालेले जुने बिझनेस लॅपटॉप (थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक) मला स्वस्त नव्यापेक्षा जास्त आवडतात. बिजागऱ्या आणि कीबोर्ड दणकट असतो. आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नको, नाहीतर परत विंडोज 11 चं रडगाणं. विकणाऱ्यासमोरच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लाव: त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करून घे.

बेळगावात घ्यावा की कोल्हापुरात? जीएसटी दोन्हीकडं 18 टक्केच, त्यामुळे पूर्वीसारखे हद्द ओलांडून स्वस्त मिळण्याचे दिवस गेले. निपाणीचा असतास तर कोल्हापूर म्हणालो असतो, तिथनं ते जवळ. खानापूरला बेळगावच. ऑनलाइन हजार-दोन हजार वाचतात हे खरं. पण घेण्याआधी त्या कंपनीची घरपोच वॉरंटी तुझ्या पिनकोडला लागू आहे का ते तिच्या साइटवर बघ. बेळगाव शहराला आहे म्हणजे तुमच्या तालुक्यातल्या कणकुंबीला असेलच असं नाही. बिलावर सीरियल नंबर छापलेला पाहिजे.

वायफायसाठी मोठा यूपीएस घेऊ नको. राउटर बहुतेक 12 व्होल्टचा असतो, अडॅप्टरवर लिहिलेलं बघ, आणि त्याच व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास राउटर ओढतो. फायबरचा वेगळा डबा असेल तर त्यालाही वीज द्यायला दोन तोंडांचा घे. केबलवाल्याकडची वीज गेली तर मात्र आपण काही करू शकत नाही. एप्रिल-मेच्या वळवात विजा कडकडायला लागल्या की सगळे प्लग काढ. फायबरमधून वीज येत नाही, अडॅप्टरमधून येते. आणि लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात असं घरात कोणी म्हणत असेल तर दोष बहुधा लॅपटॉपचा नसतो, सॉकेटला अर्थिंग नसतं. जुन्या कौलारू घरात हे हमखास. वायरमनला बोलव.

दुकानात जाताना चार्जर ने, आणि जुनी हार्ड डिस्क तिथं सोडून येऊ नकोस, त्यात बाबांची आधार-पासबुकं स्कॅन केलेली असणार. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) घालून तीच डिस्क आत बसवता येते, फोटो आणि भजनांच्या फायली जिथल्या तिथं राहतात. कॅडी 9.5 आणि 12.7 मिलिमीटर अशा दोन जाडीत येते. मशीनच्या पोटाखालच्या स्टिकरवर मॉडेल असतं, ते इथं लिही, कुठली लागेल ते सांगतो. सीरियल नंबर तेवढा लिहू नको.