नाताळ, ईस्टर, 1 जानेवारी: हिंदू दृष्टीने यांना काही अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती दिनदर्शिकेतल्या या दिवसांना, किंवा सन 2000 सारख्या टप्प्याला, हिंदू माणसाने काही महत्त्व द्यावं का, आणि दिलं तर धर्माला बाधा येते का. माझ्या मते बाधा येत नाही. पण सगळे दिवस एकाच माळेत ओवू नका.

सर्वात जास्त वाद 1 जानेवारीवरून होतो आणि गंमत म्हणजे ही तारीख मुळात ख्रिस्ती नाहीच. रोमचे कॉन्सुल, म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे सर्वोच्च अधिकारी, इ.स.पू. 153 पासून या दिवशी पदावर येत. ख्रिस्ती इंग्लंडचं कायदेशीर वर्ष मात्र अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत 25 मार्चला सुरू व्हायचं. रोमन कॅथलिक चर्चचं उपासनेचं वर्ष तर आजही नाताळाच्या चार रविवार आधी उघडतं. तेव्हा गुढीपाडव्याशी हिची झुंज लावण्यात काही हशील नाही. गुजराती माणूस कार्तिकात वर्ष बदलतो, त्यावर आपण कधी भांडलो?

उलट याच तारखेवर एक हिंदू उत्सव उभा आहे. 1 जानेवारी 1886 रोजी कोलकात्याजवळच्या काशीपूरच्या बागेत, कर्करोगाने थकलेल्या रामकृष्ण परमहंसांनी भक्तांना ‘तुम्हाला चैतन्य लाभो’ असा आशीर्वाद दिला. तो कल्पतरू दिवस तिथीने नाही, तारखेनेच पाळतात. त्याच वर्षी 24 डिसेंबरच्या रात्री बंगालमधल्या आंटपूर गावी धुनीभोवती बसून नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे विवेकानंद, आणि त्यांच्या गुरुबंधूंनी संन्यासाचा निश्चय केला. ती नाताळाची पूर्वसंध्या होती हे त्यांच्या ध्यानात नंतर आलं, असं सांगतात. रामकृष्ण मठांमध्ये त्या संध्याकाळी आजही येशूची पूजा होते.

इथे एक अडचण मात्र आहे. आपण येशूला सहज अवतारांच्या पंगतीत बसवतो, पण श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला ते पटत नाही. त्याच्या लेखी देवाने एकदाच मनुष्यरूप घेतलं. ‘सगळं एकच’ असं त्याला त्याच्याच सणाच्या दिवशी ऐकवू नये, नुसत्या शुभेच्छा द्याव्यात. आणि 25 डिसेंबरला मुद्दाम तुळशीपूजन ठेवण्याची अलीकडची टूम मला रुचत नाही. तुळशीचा मान कार्तिकात होतोच.

पंचांग पाहणाऱ्याला सर्वात जवळचा वाटावा असा सण ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्याचा नियम. ही पौर्णिमा चर्चच्या ठरावीक गणिताने काढतात, तरी आकाशातल्या पौर्णिमेच्या ती आसपासच असते. 2023 मध्ये हनुमान जयंती 6 एप्रिलला होती आणि ईस्टर 9 ला. मग त्या वर्षी अधिक श्रावण आला, आपले महिने पुढे सरकले आणि 2024 चा ईस्टर होळीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, 31 मार्चला पडला.

सन 2000 बद्दल मात्र मी थंड आहे. येशूच्या जन्मापासून वर्षं मोजायची पद्धत डायोनिसियस नावाच्या भिक्षूने सहाव्या शतकात बसवली आणि ती थोडी चुकली. ज्या हेरोद राजाच्या काळात येशू जन्मला असं बायबल सांगतं, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. 4 मध्येच वारला होता. म्हणजे दोन हजार वर्षं आधीच भरली होती. शिवाय जन्मापासून मोजण्याचा हा सोसच आपल्याला नाही. रामनवमीला ‘यंदा रामाला किती वर्षं झाली’ असं कोणी विचारत नाही. पुराणं कलियुग धरतात तेही कृष्णाच्या जन्मापासून नाही, त्याने देह ठेवला तेव्हापासून.

1 जानेवारी 2000 ला कोणी घरी पूजा सांगितली असेल, तर गुरुजींनी संकल्पात शके 1921, प्रमाथी संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पक्ष एवढंच म्हटलं असणार. सहस्रक बदलल्याचा त्यात उल्लेख नसतो.